वारा पडला आणि मागच्या बोटी पुढे गेल्या: नशीब किती, नजर किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. संक्रांतीनंतरच्या रविवारी रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर सात बोटींची मैत्रीची शर्यत झाली. वाऱ्याच्या तोंडाकडे एक बोया (पाण्यावर तरंगती खूण), खाली दुसरा, अशा दोन फेऱ्या. प्रश्न विचारणारे आणि त्यांचा भाचा एंटरप्राइज जातीच्या शिडाच्या बोटीवर होते आणि वरचा बोया त्यांनी सगळ्यांच्या आधी वळला. खाली येताना वारा पडला, मग कधी इकडून तर कधी तिकडून येऊ लागला. यांनी झाडीच्या काठालगतचा जवळचा रस्ता धरला. साठी उलटलेले एक काका पाचव्या नंबरवर होते, बोटही जुनी लाकडी. ते तलावाच्या मधून लांबचा वळसा घेऊन आले आणि यांना दोनशे मीटर मागे टाकून गेले. दुसऱ्या फेरीत वर, म्हणजे वाऱ्याच्या तोंडाकडे जाताना ‘वारा फिरला, वारा फिरला’ म्हणत यांनी नऊ वेळा टॅक घेतला, म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलली, आणि शेवटी सहावे आले. आता विचारतात, ‘यात कौशल्य काही असतं का, की सगळी लॉटरीच? आणि असल्या वाऱ्यात शर्यत घ्यावी तरी कशाला?’

मी नागपूरचाच. शीड धरायला अंबाझरीवर शिकलो, एनसीसीच्या नौदल विभागात कॅडेट असताना. नंतर नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी पोरांना शिकवत आलो. समुद्रावर मी फार थोडा गेलोय, त्यामुळे माझं सगळं ज्ञान गोड्या पाण्याचं आणि अर्धवट वाऱ्याचं आहे. तुमचा प्रश्न मात्र नेमका त्यातलाच आहे.

आधी प्रश्नच थोडा वळवून घेतो. नशीब की कौशल्य, हे एका शर्यतीवरून कुणालाच सांगता येणार नाही. विचारायचं ते असं की वारा पडल्यावर पुढची दहा मिनिटं तुम्ही दोघं कुठे बघत होतात? तुमच्या वर्णनात शीड आहे, सुकाणू आहे, भाच्यावर ओरडणं आहे (प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं), पण पाणी कुठेच नाही. काका काय बघत होते ते मला माहीत नाही, पण अंदाज आहे. तो पुढे सांगतो.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हे कबूल करतो. एंटरप्राइज दोघांची, साधारण चार मीटर लांबीची, जिब (पुढचं लहान शीड) आणि मोठं शीड असलेली बोट. लेझरवर एकटा माणूस आणि एकच शीड असतं. दोन्ही बोटी हलक्या वाऱ्यात वेगळ्या वागतात. तुमचं दोघांचं मिळून वजन किती, शिडाचं कापड किती जुनं, तळाला शेवाळ किती, यानेही फरक पडतो. आणि खिंडसी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलाय. तिथे टेकड्यांच्या कोणत्या खिंडीतून किती वाजता वारा शिरतो हे मी घरी बसून सांगू लागलो तर तुम्ही हसाल. म्हणून मी कसा विचार करतो तेवढंच लिहितो.

जानेवारीतला आपल्याकडचा वारा कसा जन्मतो, तिथून सुरू करू. बाकीचं बरंचसं त्यातूनच निघतं.

नागपूरला समुद्र जवळ नाही, म्हणून रोज ठरलेल्या वेळी येणारा खारा वारा नाही. थंडीत आपला वारा मुख्यतः उत्तर-ईशान्येकडचा आणि मंद. रात्री जमीन गार पडते, तिला लागून असलेली हवाही गार आणि जड होऊन खाली बसते. तिच्या वरची हवा त्या मानाने उबदार असते. म्हणजे पातेल्यावर झाकण ठेवावं तसं होतं. झाकणाच्या वर वारा वाहत असतो, खाली तलाव आरशासारखा. सकाळी नऊला खिंडसीवर जाऊन बघा, रामटेकची टेकडी पाण्यात उलटी दिसते. ऊन चढलं की जमीन तापते, तापलेल्या हवेचे बुडबुडे वर निघतात आणि त्यांच्या जागी वरची वाहती हवा खाली उतरते. साधारण साडेदहा-अकराला हे सुरू होतं. गंमत अशी की ही हवा सलग उतरत नाही, तुकड्या-तुकड्यांनी उतरते. एक तुकडा इथे पडला, दोन मिनिटं वाहिला, विरला. दुसरा तिकडे शंभर मीटरवर पडला. तुमची ‘इकडून-तिकडून’ची तक्रार ती हीच. वारा लहरी वाटतो कारण तो तुमच्यापर्यंत आडवा येत नाही, वरून टपकतो.

नागपुरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको खरं तर. संक्रांतीला गच्चीवर उभं राहिल्यावर काय होतं? खाली पान हलत नसतं. पतंग सोडणारा कन्नी देतो, उडवणारा ठुमक्या मारत मारत तो वर चढवतो, आणि एका उंचीवर गेला की अचानक मांजा ताणला जातो. ‘वर हवा आहे’ म्हणतो आपण. मग नुसती ढील द्यायची. तेच आहे हे. मी जानेवारीच्या शर्यतीला निघताना वाटेतले पतंग बघत जातो. पतंग ज्या दिशेला आहेत तिकडे वरचा वारा वाहतोय, आणि अकरानंतर तलावावर जे तुकडे पडतील ते बहुतेक त्याच दिशेचे असणार. रामटेक रोडला लागल्यावर कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांचा धूर दिसला तर तोही बघतो. मोबाइलवरचा अंदाज मीही पाहतो, पण तो मोकळ्या जागेचा असतो. टेकडी आणि झाडी त्याला ठाऊक नसते.

यातला एक बारकावा. जमिनीच्या घर्षणाने खालचा वारा मंद तर होतोच, शिवाय थोडा वळतोही. आपल्या उत्तर गोलार्धात वरून आलेला झोत खालच्या मंद वाऱ्याच्या तुलनेत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने थोडा फिरलेला असतो. याचा अर्थ, उजव्या बाजूने वारा घेऊन वर जात असाल, म्हणजे स्टारबोर्ड टॅकवर असाल, तर झोत आल्यावर बोटीला बोयाकडे जास्त वळता येतं. पोर्ट टॅकवर, म्हणजे वारा डाव्या बाजूने असेल, तर उलट, झोत तुम्हाला खाली ढकलतो. म्हणून काही ठरत नसेल तेव्हा मी झोत स्टारबोर्डवर घेतो आणि पडलेल्या वाऱ्यात पोर्टवर जातो. टेकड्यांच्या मधे हा नियम दहातून सहा वेळा चालला तरी पुष्कळ.

आता तुमची शर्यत.

वरच्या बोयापर्यंत तुम्ही पहिले होतात, म्हणजे सुरुवात आणि पहिली चढाई चांगलीच झाली. फसलात ते खाली येताना. पाठवाऱ्यात एक साधी गोष्ट घडते आणि तिच्यावर कुणाचाच इलाज नाही: नवा झोत मागून येतो, म्हणून तो मागच्या बोटींना आधी मिळतो. पहिला माणूस शेवटी उठतो. वर जाताना याच्या उलट, झोत समोरून येतो आणि पुढचा माणूस आधी पळतो. त्यामुळे लहरी वाऱ्यात उताराच्या टप्प्यात सगळा ताफा गोळा होतो आणि चढावर पुन्हा पांगतो. काकांनी तुम्हाला गाठलं यात निम्मा वाटा याचाच आहे. तेवढं नशीब म्हणा, माझी हरकत नाही.

उरलेला निम्मा वाटा रस्त्याचा. तुम्ही काठालगत गेलात कारण ते अंतर कमी होतं. पण झाडीच्या आडोशाला वारा नुसता कमी होत नाही, त्याला भोवरेही पडतात. वारा झाडांवरून येत असेल तर झाडांच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी तो धड नसतो. पंधरा मीटरची झाडी धरली तर दीडशे मीटर पाणी गेलं. तुम्ही काठापासून पन्नास मीटरवर होतात असं लिहिलंय. तिथे शीड एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला पडलं असणार, आणि वारा फिरतोय असं वाटलं असणार. तो फिरत नव्हता, तुम्ही भोवऱ्यात बसला होतात.

आणि मधल्या पाण्यात काय होतं? शिडाला मिळणारा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. तीन नॉटचा वारा चार झाला तर वेग एका नॉटनेच वाढला, पण जोर पावणेदोनपट झाला. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, गालाला जेमतेम कळेल एवढा फरक. काकांनी तेवढ्यासाठी वळसा घेतला असेल तर तो स्वस्तात पडला. शिवाय पाठवाऱ्यात सरळ खाली धावण्यापेक्षा थोडं तिरकं गेलं की बोट स्वतःच्या चालीने शिडावर वारा तयार करते. सरळ खाली जाताना बोट जेवढी पळते तेवढा वारा मागून कमी होतो. म्हणून हलक्या वाऱ्यात मी खालच्या बोयाकडे नाक धरून जातच नाही. थोडा तिरका जातो, जाइब करतो (पाठवाऱ्यात शीड दुसऱ्या बाजूला घेतो), पुन्हा तिरका. लांब वाटतं, लवकर होतं.

पण तिरकं कोणत्या बाजूला जायचं? इथे पाण्याकडे बघायचं. वारा लागलेलं पाणी गडद दिसतं, बारीक सुरकुत्या पडतात. पडलेल्या वाऱ्याचं पाणी चकचकीत, तेल सांडल्यासारखं. गडद पट्टा आपल्याकडे सरकतोय, आडवा चाललाय की विरतोय, हे कळायला दहा सेकंद बघावं लागतं. एका नजरेत कळत नाही. बसून बघण्यापेक्षा जपून थोडं उठून बघितलं तर लांबचं दिसतं. ध्रुवीकरण केलेल्या काचांचा गॉगल असेल तर फारच सोपं. पाण्यावर निवांत बसलेली बदकं वाऱ्याकडे तोंड करून बसतात, तीही उपयोगी. आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे दुसऱ्या बोटी. कुणाची बोट कलली, कुणाचं शीड भरलं, बघत राहा. पाठवाऱ्यात हे सगळं मागे वळून बघायचं असतं. भाच्याला पुढे बसवून तोंड मागे करून ठेवा. त्याचं काम एकच, ‘मामा, डावीकडे काळं पाणी येतंय’ एवढं सांगत राहायचं.

दुसऱ्या फेरीतल्या नऊ टॅकबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ही चूक मी स्वतः इतक्यांदा केली आहे की तिच्याबद्दल मला ममत्व आहे.

वर जात असताना वारा अचानक पडला की काय होतं? बोट अजून आपल्या वेगात असते. बोटीवर जाणवणारा वारा हा खरा वारा आणि बोटीच्या चालीचा वारा मिळून बनलेला असतो. खरा कमी झाला की चालीचा हिस्सा वाढतो आणि जाणवणारा वारा नाकाकडे सरकतो. शिडाची पुढची कड फडफडते. माणसाला वाटतं वारा फिरला, वाईट बाजूला फिरला, टॅक घ्या. टॅक घेतला की उरलेला वेगही गेला. मग दुसऱ्या बाजूलाही तसंच फडफडतं, कारण वारा फिरलेलाच नव्हता, फक्त पडला होता. पुन्हा टॅक. असे नऊ होतात.

त्यावर माझी रीत साधी आहे. शीड फडफडलं की आधी गालावर बघतो. वारा नुसता कमी झालाय का? असेल तर काहीच करत नाही. सुकाणू आहे तिथेच, शीट (शीड ओढायची दोरी) वीतभर ढिली, आणि मनात दहा आकडे. दहा आकड्यांत बोटीचा वेग उतरतो आणि वारा पुन्हा मूळ जागी येतो. दहानंतरही नाक बोयापासून दूरच दाखवत असेल आणि गालावर वारा तेवढाच लागत असेल, तर तो खरंच फिरलाय. मग टॅक घेतो, एकदाच, हळू, दोघांचं वजन एकत्र फिरवून.

अंबाझरीवर एकदा शेवटचा बोया वीस मीटरवर असताना मी याच घोळात अडकलो होतो. सतरा-अठरा वर्षांचा होतो, अंगात रग होती. शीड फडफडलं की सुकाणू ओढत होतो. सुकाणू ओढणं म्हणजे पाण्यात आडवी फळी धरणं, ब्रेकच तो. मागच्या तीन बोटी शेजारून गेल्या. आमचे इन्स्ट्रक्टर, निवृत्त नौसैनिक, मोटरबोटीतून आले आणि शांतपणे म्हणाले, ‘पोट्ट्या, बोट झोपली आहे. काहून उठवतो तिला? हवा उठवेल.’ मी रागाने सुकाणू सोडून दिलं आणि पुढे डोलकाठीपाशी जाऊन बसलो. बोट लगेच चालायला लागली! वारा आला नव्हता. माझं वजन मागून पुढे आलं, म्हणून मागचा सपाट भाग पाण्यातून उचलला गेला आणि तो जे पाणी ओढत होता ते सुटलं. मला ते तेव्हा कळलं नाही. चमत्कार वाटला.

त्या चमत्काराचं गणित असं. हलक्या वाऱ्यात बोटीला अडवणारं मुख्य कारण म्हणजे तळाला घासणारं पाणी. जितका कमी तळ भिजेल तितकं बरं. म्हणून वजन पुढे, आणि बोट जराशी वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला कललेली. कलल्याने आणखी एक होतं. शीड आपल्याच वजनाने त्या बाजूला लोंबतं आणि त्याचा फुगार आकार टिकतो, नाहीतर ते कापडासारखं मधे लटकत राहतं. भाचा हलका असेल तर त्याला शिडाच्या बाजूला सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात उतरणाऱ्या मधल्या फळीच्या) पुढे बसवा, आणि दोघांनी मांजरासारखं हलायचं. कुणी पाण्याची बाटली घ्यायला धाडकन वळला की शिडातला सगळा वारा झटकला जातो. शीट घट्ट ओढू नका. वरच्या वाऱ्याचं सांगितलं ना, शिडाचा माथा आधी जागा होतो, म्हणून त्याला थोडं मोकळं सोडायचं. मांजाला ढील देतो तशी.

शीड बरोबर धरलंय की नाही ते कळायला त्यावर लोकरीचे धागे लावतात. जोरात वारा असला की ते उत्तम. पण दोन नॉटमध्ये लोकर उचलतच नाही, दमट असली तर नाहीच. मी जुन्या कॅसेटची टेप वापरतो. वीतभर तुकडा, डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणणाऱ्या तारांना साधारण डोळ्यांच्या उंचीवर बांधायचा. श्वास सोडला तरी हलतो. आणि बोट चालतेय की नुसती तरंगतेय अशी शंका आली तर संत्र्याच्या सालीचा नखाएवढा तुकडा नाकापाशी सोडायचा आणि तो मागे जातोय का बघायचं. (बाकीची सालं पिशवीत. तलाव आपलाच आहे.)

आता मध्यातून जाणं, कोपऱ्यात जाणं याचा हिशेब. ज्यांना आकडे आवडत नाहीत त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. दोन बोटी वर चालल्या आहेत, वाऱ्याच्या हिशेबाने बरोबरीत, पण आडव्या शंभर मीटर लांब. वारा दहा अंश फिरला. ज्या बाजूला फिरला त्या बाजूची बोट बसल्याजागी साधारण पंचवीस मीटरने पुढे गेली, म्हणजे लेझरच्या सहा लांब्या. तीस अंश फिरला तर सत्तर मीटर. आपल्याकडच्या जानेवारीत तीस अंश रोजचेच. याचा अर्थ, तलावाच्या एका कोपऱ्यात जाऊन बसणारा एक तर हिरो होतो नाहीतर शून्य. तिथून त्याला दुसरं काही करताही येत नाही. बाकीच्यांपासून फार आडवं लांब न जाणारा माणूस पहिला क्वचित येतो, पण तिसरा-चौथा हमखास येतो. तुमचे काका दर शर्यतीत असे मधून जात असतील, आणि वर्षाच्या शेवटी त्यांचाच नंबर वर असेल. बघा एकदा जुने निकाल काढून.

शर्यत घ्यावी का, या प्रश्नाला माझं उत्तर: घ्यावी, पण अशी नाही. दोन लांब फेऱ्यांची एकच शर्यत म्हणजे सगळे पैसे एका पत्त्यावर. त्याऐवजी वीस-पंचवीस मिनिटांच्या चार छोट्या शर्यती घ्या. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, असे मोजा, आणि प्रत्येकाची सर्वांत वाईट शर्यत वगळा. नशीब चार वेळा एकाच माणसाला साथ देत नाही. अकराच्या आधी सुरुवात करू नका, आणि सूर्य कलायच्या आत आटपा, कारण ऊन गेलं की वारा पुन्हा झाकणाच्या वरच राहतो. आधी वेळेची मर्यादा ठरवा. पहिली बोट तेवढ्यात पोचली नाही तर शर्यत रद्द. वारा मध्येच मेला तर बोयाजवळच्या बोटीवर पांढऱ्यात निळा चौकोन असलेला एस झेंडा लावून शर्यत तिथेच संपवता येते, नियमांत त्याची सोय आहेच. आपल्याकडे आयोजकांना हा झेंडा लावायला कमीपणा वाटतो, कशाला ते कळत नाही. तासभर तरंगून कुणाचं भलं झालंय?

शेजारच्या बोटीने शीड सारखं ओढून-सोडून बोट पुढे नेली, असं तुम्ही शेवटी जाता-जाता लिहिलंय. शर्यतीच्या नियमावलीत नियम ४२ याच्यासाठी आहे. बोट वारा आणि पाण्याच्या जोरावरच चालली पाहिजे. शिडाने वारं घालणं, बोट डोलवणं, सुकाणू वल्ह्यासारखं मारणं बंद. पतंगाला ठुमकी चालते, शिडाला नाही. मैत्रीच्या शर्यतीत मी तक्रार करणार नाही, पण चहाच्या वेळी सगळ्यांसमोर हसत हसत नियम वाचून दाखवीन. वाट देण्याचे नियम मात्र वारा नसतानाही तसेच लागू: पोर्ट टॅकवाल्याने स्टारबोर्डवाल्याला वाट द्यायची, एकाच टॅकवर असताना वाऱ्याच्या बाजूच्या बोटीने खालच्या बोटीला. संथ पाण्यात सात बोटी एका बोयाशी गोळा झाल्या की लोक हातांनी एकमेकांना ढकलतात, तेही नियमांत बसत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट, ही जानेवारीसाठी नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारी चारच्या सुमारास असाच वारा पडला, हवा कोंडली आणि पश्चिमेला काळा ढग उभा राहिला, तर कोणतंही डोकं न लढवता शीड उतरवून काठाला या. ढगातून कोसळलेली गार हवा धूळ घेऊन पुढे धावते आणि ती येते तेव्हा शीड ढिलं करायलाही वेळ मिळत नाही. लाइफजॅकेट तर दोन नॉटच्या वाऱ्यातही घातलेलंच हवं. गरम होतं म्हणून काढून बसायच्या खाली ठेवलेलं मी पुष्कळदा पाहिलंय, आणि दर वेळी बोट काठाला बोलावली आहे.

पुढच्या रविवारी एक करून बघा. बोट पाण्यात टाकायच्या आधी भाच्याला घेऊन अर्धा तास काठावर थोडं उंचावर बसा. कागदावर तलावाचा वेडावाकडा नकाशा काढा आणि दर पाच मिनिटांनी काळं पाणी कुठे आहे तिथे खूण करा. सहा-सात वेळा केलंत की दोन-तीन जागांवर खुणांची गर्दी दिसेल. एखादी जागा शेवटपर्यंत कोरीच राहील, माझा अंदाज आहे की ती तुमची झाडीच असेल. काकांना हा कागद दाखवा आणि त्यांची एखादी खूण त्यात नाही का, विचारा. ते सांगतील. असे लोक सांगतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

आणि कॅसेट आता दुकानात मिळायची नाही. घरात कुणाच्या तरी लग्नाची किंवा कीर्तनाची जुनी पडलेली असेल तर आधी मोठ्यांना विचारून घ्या. मी न विचारता फोडली होती, ती नेमकी वडिलांच्या भजनांची निघाली, आणि त्यांनी तो विषय पुढे दोन महिने काढला. त्यातली टेप अजून मीटर-दीड मीटर शिल्लक आहे. खिंडसीला भेटलो तर तुमच्या दोन्ही तारांना पुरेल एवढी देतो.